हरला नाही, पण जिंकला कुणाशी?

प्रश्न : रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला आणि सगळ्या जिंकला. महंमद अली पाच वेळा हरला. तरी सर्वश्रेष्ठ हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातला बॉक्सर) म्हटलं की अलीचंच नाव पुढे येतं. मग आकड्यांना किंमत काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आकड्याला किंमत आहे, पण समोर कोण होतं हे कळल्याशिवाय तो अर्धवटच असतो. बॉक्सरची नोंद वाचताना आधी जय-पराजयाचा रकाना झाका आणि फक्त प्रतिस्पर्ध्यांची नावं वाचा. त्यातली तगडी आठ-दहा नावं काढा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : त्या दिवशीचं वय, तोवर किती लढती अंगावर झाल्या होत्या, लगतच्या दोन-तीन लढतींत काय झालं, आणि ही लढत हरल्यावर तो पुढे काय करू शकला. ही चौथी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

मार्सियानोपासून सुरुवात करू. ऑक्टोबर १९५१मध्ये त्याने माजी जगज्जेत्या जो लुईसला आठव्या फेरीत संपवलं. नाव केवढं मोठं! पण लुईस तेव्हा ३७ वर्षांचा होता, १९४९मध्ये निवृत्त होऊन परत आलेला आणि १९५०मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरलेला. या विजयाला लुईसच्या नावाएवढं वजन देता येत नाही.

जर्सी जो वॉलकॉटचं तसं नाही. तोही ३८ वर्षांचा होता, पण २३ सप्टेंबर १९५२ला फिलाडेल्फियात त्याने पहिल्याच फेरीत मार्सियानोला खाली पाडलं, आणि बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांकडे तोच पुढे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉटची पाठ दोरांना लागली आणि दोघांनी जवळजवळ एकदमच उजवा हात सोडला. मार्सियानोचा ठोसा आखूड होता, म्हणून आधी पोचला. वॉलकॉट गुडघ्यांवर घसरला आणि त्याचा डावा हात दोराला अडकून राहिला. या माणसाला ‘म्हातारा होता’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे. त्या रात्री तो अव्वल खेळत होता.

आर्ची मूरला चौथी कसोटी लावा. १९५५मध्ये तो स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ३८चा आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे ४१चा होता. दुसऱ्या फेरीत त्यानेही मार्सियानोला पाडलं, नवव्या फेरीत स्वतः बाद झाला. पण त्यानंतर १९६१पर्यंत तो लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटाचा, किताब राखत राहिला. म्हणजे मार्सियानोने हरवलेला मूर संपलेला नव्हता. सुमारे ८४ किलो वजनाच्या, आखूड हातांच्या मार्सियानोच्या बाजूने ही नोंद भक्कम आहे. उणीव एकच : ऐन भरातला, विशी-पंचविशीतला थोर हेवीवेट त्याच्यासमोर आलाच नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्या काळात तसा कोणी नव्हताच. पण जे सिद्ध झालं नाही त्याचे गुण कसे देणार?

अलीच्या यादीत नेमकं तेच सापडतं. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात जॉर्ज फोरमन समोर होता : वय २५, ४० लढती, ४० विजय. त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं आणि केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं होतं. अलीला आधी हरवलेले ते हे दोघे. ३२ वर्षांच्या अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केलं. आणि चौथी कसोटी? फोरमनने १९९४मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं.

पराभवही असेच वाचायचे. साडेतीन वर्षं रिंगबाहेर ठेवलेला अली १९७१मध्ये अपराजित फ्रेझरशी १५ फेऱ्या लढून गुणांवर हरला, नंतर त्याला दोनदा हरवलं. नॉर्टनने १९७३मध्ये त्याचा जबडा मोडला, त्यालाही अलीने पुढे दोनदा हरवलं. त्यातल्या १९७६च्या निकालावर मात्र आजही वाद होतो आणि तो वाद खरा आहे. लिऑन स्पिंक्सकडून १९७८च्या फेब्रुवारीत गमावलेला किताब त्याने सप्टेंबरात परत घेतला. उरलेले दोन पराभव ३८व्या आणि ३९व्या वर्षीचे. या पाच पराभवांसकट अलीची नोंद ४९ विजयांपेक्षा वजनदार आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : लढत बघताना कौशल्य कसं ओळखायचं? ठोसा बसला की नाही यापलीकडे काही कळत नाही. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : टीव्हीचा आवाज बंद करा. हातमोज्यांवर आदळलेल्या ठोशालाही प्रेक्षक ओरडतात आणि आपल्याला तो बसल्यासारखा वाटतो. मग एक अख्खी फेरी एकाच बॉक्सरकडे बघा, तेही त्याच्या पायांकडे. ठोसा मारल्यावर तो तिथेच उभा राहतो, की अर्धं पाऊल बाजूला सरकतो? पाय एकमेकांजवळ आले किंवा आडवे पडले की तोल जातो आणि हलका ठोसाही खाली पाडतो. समोरचा डावखुरा असेल, तर कोणाचं पुढचं पाऊल दुसऱ्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला आहे ते बघा. सरळ ठोशाची वाट सहसा त्याला मोकळी असते.

दुसऱ्या फेरीत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बघा. मारताना नव्हे, परत येताना. हात गालाशी परतला पाहिजे. तरुण जो लुईसचा डावा हात जॅबनंतर खाली लोंबायचा. मॅक्स श्मेलिंगने हे हेरलं आणि १९ जून १९३६ला त्याच फटीतून उजवे ठोसे घालत बाराव्या फेरीत लुईसला बाद केलं. २२ जून १९३८ला लुईसने त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. कौशल्य मोजताना आम्ही या दोन वर्षांना फार मानतो. दुसऱ्या लढतीत कोण काय बदलून आला हे बघत जा.

तिसरी फेरी बचावासाठी. चांगला बॉक्सर ठोसा इंच-दोन इंचांनी चुकवतो, कारण हातभर मागे गेलं की उलट ठोसा पोचत नाही. डिसेंबर २००७मधल्या फ्लॉइड मेवेदर-रिकी हॅटन लढतीची दहावी फेरी सापडली तर हळू करून बघा. हॅटन झेपावतो, मेवेदर डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारतो आणि त्याच क्षणी डाव्या पावलावर गिरकी घेऊन वाटेतून दूर होतो. हॅटन स्वतःच्याच वेगाने कोपऱ्याच्या गादीवर डोकं आपटून खाली पडतो. तो उठतो, पण थोड्याच वेळात रेफरी लढत थांबवतो.

मात्र वजनही तपासा. हॅटन ४३ लढती अपराजित होता, पण त्याचा हक्काचा गट १४० पौंडांचा आणि ही लढत १४७ला होती. चाल तितकीच सुंदर, विजयाचं मोल किंचित कमी.

प्रश्न : एकाच वजनगटात चार-चार जगज्जेते. खरा कोण? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापले किताब देतात, म्हणून हा घोळ. चारही पट्टे, म्हणजे चारही किताब, एकाकडे आले की वाद मिटतो. तोवर दोन गोष्टी बघा : बाकीच्या पट्टेवाल्यांशी तो लढला का, आणि कुठे लढला. युक्रेनचा ओलेक्सांदर उसिक २०१८मध्ये ब्रिएडिसशी रिगात, गासिएवशी मॉस्कोत आणि बेल्यूशी मँचेस्टरमध्ये लढला. तिन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाऊन जिंकला आणि हेवीवेटच्या लगत खालच्या क्रूझरवेट गटाचे चारही पट्टे एकत्र केले. मग वरच्या गटात जाऊन २०२१मध्ये अँथनी जोशुआला लंडनमध्ये हरवलं, तेव्हा जोशुआ त्याच्यापेक्षा आठ किलोंहून अधिक जड होता.