वाचकांचे प्रश्न : सॉफ्टबॉल खेळणं थांबलं, शिकवणं सुरू झालं

प्रश्न : बरीच वर्षं शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली फील्डर) म्हणून खेळले. आता चौदा वर्षांखालील मुलींचा संघ हाती आलाय. ग्राउंडर (जमिनीलगत येणारा चेंडू) कसा अडवायचा हे रोज करून दाखवते, तरी मुलींना जमत नाही. चूक कुठे होतेय?

करून दाखवण्यातच. मुरलेल्या शॉर्टस्टॉपचे पाय चेंडू बॅटला लागण्याआधीच हलतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात खाली येतो तेव्हा शॉर्टस्टॉप एक छोटं पाऊल पुढे टाकते आणि वजन चवड्यांवर घेते. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तिचं तिलाच जाणवत नाही, मग ती सांगणार कशी? मुलींना दिसतो फक्त ग्लोव्ह. त्या ग्लोव्हची नक्कल करतात आणि टाचा टेकवून उभ्या राहतात.

स्वतःचा व्हिडिओ बाजूने काढून घ्या, संथ गतीने बघा आणि प्रत्येक हालचाल क्रमाने शब्दांत लिहा. त्यातली एका दिवशी एकच गोष्ट शिकवा. आज फक्त ते छोटं पाऊल. उद्या ग्लोव्ह जमिनीला टेकवून तिथून वर आणणं, कारण वरून खाली नेलेल्या ग्लोव्हखालून चेंडू निसटतो.

सुरुवात बॅटने करू नका. पंधरा फुटांवरून हाताने चेंडू सोडा : दहा समोर, दहा उजवीकडे, दहा डावीकडे. थ्रो नंतर. पहिल्याच दिवशी बॅटचे जोरकस चेंडू आले की मुली तोंड फिरवतात, आणि ती सवय महिनोन् महिने सुटत नाही.

रांगेचाही हिशेब करा. बारा मुली एका रांगेत आणि दर पंधरा सेकंदांनी एक चेंडू, म्हणजे वीस मिनिटांत ८० चेंडू; प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सात. तिघी-तिघींचे चार गट करून प्रत्येक गटाला वेगळा चेंडू दिला तर त्याच वेळात प्रत्येकीला पंचवीसच्या वर मिळतात.

हे जमू लागलं की स्टॉपवॉच काढा. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. डावखुरी स्लॅप हिटर (धावायला सुरुवात करतच चेंडू टोलावणारी बॅटर) वेगवान असेल तर तीन सेकंदांच्या आत पहिला बेस गाठते. तेव्हा बॅटच्या आवाजापासून फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हच्या आवाजापर्यंत मोजा. आकडा तीनच्या वर असेल तर बहुतेकदा दोष हाताच्या ताकदीत नसून चेंडू हातात आल्यावर टाकलेल्या जादा पावलात असतो.

प्रश्न : तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून उभं राहिलं की रनरला होमला (जिथे धाव पूर्ण होते त्या बेसला) पाठवायचं की थांबवायचं, हे वेळेत ठरत नाही.

जागा बदला. दुसऱ्या बेसवर रनर आहे आणि फटका लेफ्ट फील्डला गेला, तर बेसला चिकटून उभं न राहता होमच्या दिशेला थोडं सरका. तिसऱ्या बेसकडे येणाऱ्या रनरला तुम्ही समोर दिसता आणि तुम्हालाही एक-दोन क्षण जास्त मिळतात. नजर चेंडूपेक्षा फील्डरच्या पायांवर ठेवा. ती पुढे धावत चेंडू उचलतेय की बाजूला पळत? बाजूला पळणारीला थ्रोआधी पाय रोवावे लागतात. तेवढ्यात धाव होते.

आउट किती, हे चेंडू पडण्याआधीच डोक्यात हवं. एकही आउट नसेल तर खात्री असल्याशिवाय पाठवू नका, मागे बॅटर आहेत. दोन आउट असतील तर धोका पत्करा. खूण मोठी करा : थांबवायला दोन्ही हात वर, पाठवायला हात गोल. आणि रनरला हाताने धरून थांबवू नका, ती आउट दिली जाते.

प्रश्न : अंडरआर्म टाकल्याने पिचरच्या हाताला त्रास होत नाही म्हणतात. मग एका दिवसात दोन सामने टाकू द्यावेत का?

हा समज मोडायलाच हवा. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून अंडरआर्म टाकताना, खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडावर मोठा ताण येतो. चेंडू मोजा, वॉर्मअपचेही. नेमके तेच मोजायचे राहतात.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्ण जिंकून दिलं. तो पराक्रमच, पण शाळकरी मुलीसाठी तो नमुना नव्हे. प्रशिक्षकाने बघावा तो टोकियोचा अंतिम सामना, २७ जुलै २०२१. जपानची प्रशिक्षक होती रेइका उत्सुगी, स्वतः २००० आणि २००४च्या ऑलिम्पिक पदकविजेत्या संघातली खेळाडू. ३९ वर्षांच्या उएनोने सुरुवात केली, सहाव्या इनिंगमध्ये मिउ गोतो आली, सातव्यात उएनो परतली. जपान २-० ने जिंकला. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, या नियमाचा हा उपयोग. दुसरी पिचर तयार असेल तरच तो करता येतो, म्हणून सोप्या सामन्यांतही तिला इनिंग द्या.

प्रश्न : ज्या संघात खेळते त्याच संघाला शिकवू का?

शक्यतो नको. तुम्ही बॅटिंगला गेलात की तिसऱ्या बेसपाशी कोण? नाइलाज असेल तर ती जागा दुसरीला द्या. लाइनअप (खेळाडू आणि त्यांचा बॅटिंग क्रम) सामन्याआधी पक्की करा आणि कोण बाहेर गेली, कोण एकदा परत आली याची नोंद बेंचवरच्या एकीकडे सोपवा. परत येणारी खेळाडू मूळच्याच बॅटिंग क्रमांकावर यावी लागते, आणि मैदानात उभं राहून तो हिशेब हमखास चुकतो.