नाशिकमध्ये घरपोच भाजीला गिऱ्हाईक किती मिळेल, हे आधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की गिरणारे रोडला दीड एकर शेती आहे, शहरात घरपोच भाजी द्यायचीय, पण किती घरं खरंच घेतील हे छोटा टेम्पो घ्यायच्या आधी कसं कळणार. दादा, टेम्पो आधी कॅन्सल करा, बाकीचं निवांत वाचा. आमचं दोन एकर मखमलाबादच्या पुढे आहे, घरपोचचं तिसरं वर्ष चालू आहे, आज 36 घरं आहेत आणि यातली निम्मी अक्कल पैसे घालवून आलेली आहे.

सुरुवातीला मी काय केलं, माझी बहीण गंगापूर रोडला एका मोठ्या सोसायटीत राहते, तिच्या ग्रुपवर मेसेज टाकला, थेट शेतातून ताजी भाजी, कोणाकोणाला हवी. अंगठेच अंगठे आले, हात जोडलेले, फुलं, एका काकांनी तर जय जवान जय किसान लिहिलं. मोजून 83 जण हो म्हणाले. मी म्हटलं निम्मे जरी आले तरी चाळीस घरं कुठे गेली नाहीत, भाड्याची गाडी सांगितली, वांगी, काकडी, दोडका, मेथी सगळं पहाटे काढून नेलं आणि गेटपाशी चादर अंथरून बसलो. 11 जणी आल्या. त्यातल्या दोन बहिणीच्या मैत्रिणी, म्हणजे त्या धरायच्याच नाहीत. त्यातही तिघी कोथिंबीर वर फुकट मागून गेल्या. दुपारपर्यंत मेथीने माना टाकल्या, मार्केट यार्डात न्यायची तर त्या दिवशीच्या शेकड्याच्या, म्हणजे शंभर जुड्यांच्या, भावात गाडीभाडंही सुटत नव्हतं, शेवटी गोठ्यात गायींपुढे टाकली. ह्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही पण आठ दिवस मेथीचं नाव काढलं की माझ्याकडे बघायचे.

तेव्हापासून "घ्याल का" हा प्रश्न मी बंद केला. तोंडावर नाही म्हणायला कोणालाच बरं वाटत नाही हो, सगळे घेऊ घेऊच म्हणतात. त्यापेक्षा विचारायचं की गेल्या आठवड्यात भाजी कुठून आणली, कोणी आणली, कितीदा आणली आणि साधारण किती रुपये गेले. मग खरं बाहेर येतं. काही घरांत आजोबा दर बुधवारी पिशव्या घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, बाजाराला जातात आणि आठवड्याची भाजी घेऊन येतात, भावही तिथे पडून असतो आणि त्यांचं फिरणंही होतं, ते तुमचं गिऱ्हाईक नाही, नाद सोडा. दुसरे ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून पावकिलो-अर्धा किलो उचलणारे. तिसरे दहा मिनिटवाल्या ॲपवरून मागवणारे, पाव किलो भेंडीत चार जून निघाल्या म्हणून चिडलेले. दुसरे आणि तिसरे तुमचे होऊ शकतात. असंच बोलता बोलता एक ताई म्हणाली, "मेथी आवडते सगळ्यांना, पण मी आणतच नाही, निवडत कोण बसणार?" मी आधी हसले, घरी आल्यावर डोक्यात आलं की अगं हीच तर मागणी आहे. आता आम्ही मेथी आणि पालक निवडून, मुळं काढून कागदात गुंडाळून देतो, सासूबाई आणि शेजारच्या दोघी मिळून निवडतात, जुडीच्या दुप्पट भाव कोणी काचकूच न करता देतं.

दुसरं म्हणजे आधी पैसे घ्या. मी 40-45 घरांशी बोलले आणि सरळ सांगितलं, 500 रुपये जमा करा, चार शनिवार सव्वाशेची भाजी, आवडली नाही तर उरलेले परत. 17 जणांनी दिले. हा 17 आकडा बघून मला रडू आलं होतं, पण खरा आकडा तोच होता. आणि त्याहून खरा आकडा चार आठवड्यांनी कळतो, कारण पहिली पिशवी लोक हौसेने घेतात, पाचशे परत कोण टाकतं ते बघायचं. 12 जणांनी टाकले. उरलेल्या पाच जणांना मी एकेक फोन केला, त्याने जे कळलं ते कुठल्या फॉर्ममध्ये कळलं नसतं. एक काकू म्हणाल्या, "अगं भाजी छानच असते, पण पिशवीत काय निघेल त्याचा नेम नाही, आमच्याकडे दोडका कोणी तोंडात घालत नाही, तीन शनिवार कामवालीला दिला." म्हणजे नको होती ती ठरावीक पिशवी, भाजी नको नव्हती. मग गुरुवारी रात्री यादी टाकायला लागलो, शुक्रवार दुपारपर्यंत ज्याने त्याने निवडून सांगायचं. दोघींची अडचण वेळेची होती. आम्ही कौतुकाने सकाळी नऊला ताजी भाजी न्यायचो आणि त्यांचा डबा सातलाच भरून गेलेला असायचा. आता दुपारी चार वाजता तोडणी करतो आणि संध्याकाळी सहा ते आठमध्ये वाटप.

हे सगळं आधी मोजायचं का, तर मागणी आज कळली तरी भाजी उद्या येत नाही. मेथीला 25-30 दिवस, कोथिंबिरीला 40-45 दिवस धरा. 20 घरांनी आठवड्याला दोन-दोन जुड्या म्हटलं की 40 जुड्या झाल्या, थोडी मरतूक धरून 50, तेवढाच वाफा दर आठवड्याला टाकायचा. आम्ही पहिल्या वर्षी दहा गुंठे मेथी एकदमच पेरली, ती एकदमच आली आणि एकदमच फुलावर गेली. आणि वहीत आठवडा लिहून ठेवा, कारण मागणी वर्षभर सारखी नसते. पितृपक्षात गवार, कारलं, भोपळा, अळू कमी पडतं, भोगीला वाल-पावटा, गाजर, हिरवा हरभरा, वांगी एकत्र करून दिलं तर उड्या पडतात, आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला गेलेली असते. मे महिन्यात टेस्ट घेतली तर उगाच निराश व्हाल.

घरं मोजताना रस्ताही मोजा राव. आमच्याकडे पाथर्डी फाट्याचं एक घर होतं, फार प्रेमळ माणसं, पण त्या एका पिशवीसाठी शहर ओलांडून जायचं म्हणजे नफा सगळा पेट्रोलमध्ये, शेवटी हात जोडले. एका बिल्डिंगमधली सहा घरं ही सहा कॉलन्यांतल्या बारा घरांपेक्षा बरी. तुम्हाला गंगापूर रोड सरळ पडतो, तेवढाच धरा.

परवान्याचं विचारलंय तर 2016 पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढलाय, स्वतःच्या शेतातली भाजी थेट विकायला अडत्याकडे जायची गरज नाही. लोणचं, तूप वगैरे करणार असाल तर ते वेगळं, त्याला फूड लायसन्सचं बघावं लागतं. आणि सर्टिफिकेट नसताना ऑरगॅनिक लिहू नका, काय फवारलं ते सरळ सांगा, लोक विचारतात आणि ऐकून पण घेतात.

गाडीचं म्हणाल तर आम्ही पहिले आठ महिने ह्यांच्या मोटारसायकलला मागे दोन क्रेट बांधून फिरलो, 25 घरांपर्यंत अडलं नाही. सध्या शेतात काय काय उभं आहे आणि कुठल्या सोसायटीत ओळख आहे तेवढं खाली लिहा, मग पहिल्या शनिवारी किती घरं धरायची ते सांगते.