स्प्रिंग निवडण्याआधी गाडी काट्यावर न्या

प्रश्न: थारला लोखंडी बंपर आणि विंच बसवल्यापासून नाक खाली बसलंय. दुकानदार म्हणतो, सगळ्यात कडक कॉइलओव्हर (शॉकअपभोवती बसणारी) स्प्रिंग टाका. टाकू का? (पाटण)

उत्तर: वजन केल्याशिवाय अजिबात नको. टाकी भरा, नेहमीची माणसं आणि सामान आत ठेवा आणि उसाच्या गाड्या तोलतात तसल्या काट्यावर फक्त पुढची चाकं घ्या. आलेल्या आकड्यातून चाकं, ब्रेक, हब यांचं वजन वजा करा, ते स्प्रिंगवर येत नाही. उरलेलं निम्मं करा. समजा, एका बाजूला 450 किलो आले.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. 2020 पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आहे आणि स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला बसते. म्हणून चाक 100 मिमी वर गेलं तरी ती तेवढी दबत नाही. मेकॅनिककडून स्प्रिंग उतरवून घ्या (दबलेली स्प्रिंग जीवघेणी असते, घरी खोलू नका), जॅकने चाक 100 मिमी उचला आणि शॉकअप किती दबला ते मोजा. समजा, तो 60 मिमी दबला, म्हणजे 0.6 पट. मग स्प्रिंगवरचा भार 450 भागिले 0.6, म्हणजे 750 किलो.

आता ती किती दबलेली हवी? शॉकअपचा एकूण प्रवास 200 मिमी असेल तर उभ्या गाडीत त्यातले 75 मिमी मी चाक खाली सुटायला ठेवतो. शॉकअपवरची आट्यांची रिंग आवळून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब 50 मिमी धरला तर झाले 125. 750 भागिले 125, म्हणजे 6 किलो प्रति मिमी. परदेशी स्प्रिंगवर पौंड प्रति इंच छापलेलं असतं, त्यासाठी 56 ने गुणा: 336. जवळची 350 ची घ्या.

तुमच्या भागात पावसाळ्यात पाणंदीला खोल चाकोऱ्या पडतात. तिथे चाक खाली उतरलं तरच पकड मिळते. फार कडक स्प्रिंगवर ते हवेत लटकतं.

प्रश्न: रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते ना? (विटा)

उत्तर: नाही. सरळ स्प्रिंगचा दर (ती एक मिमी दबायला लागणारे किलो) तोच राहतो, फक्त गाडी उचलली जाते आणि चाकाचा खाली सुटायचा प्रवास कमी होतो. खूप आवळावं लागत असेल तर स्प्रिंग मऊ किंवा आखूड आहे, ती बदला.

प्रश्न: एकावर एक दोन स्प्रिंग, वर 4 आणि खाली 6 किलो प्रति मिमीची. एकूण 10 धरायचे का? (तासगाव)

उत्तर: उलट, दर कमी होतो. 4 गुणिले 6 भागिले 10, म्हणजे 2.4. दोन स्प्रिंगांमधली सरकती कडी थांबरिंगला टेकली की वरची थांबते आणि पुढे एकटी 6 ची काम करते. त्यामुळे सुरुवातीचा प्रवास मऊ आणि जोराचा आपटा मात्र कडक स्प्रिंग झेलते. ही रिंग कुठे लावायची, यावरच सगळी मेहनत आहे. फार लवकर टेकली तर दोन स्प्रिंगांचे पैसे वाया.

प्रश्न: नवीन सेटिंग कासच्या सड्यावर तपासू का? (सातारा)

उत्तर: कृपा करून नको. जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, चाकाखाली तो गेला की फुलंही गेली. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पाणंदीवर जा.

प्रश्न: कडक स्प्रिंग टाकल्यापासून स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डोलते. (मिरज)

उत्तर: जुना शॉकअप नव्या स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. रिबाउंडचं (दबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग आवरणारं) बटण असेल तर एकेक क्लिक वाढवा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली की थांबा. त्यापुढे गेलात तर खडबडीत रस्त्यावर चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खालीच दबत जाते.