विंडोज १०ने सगळे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) वापरावेत म्हणून एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायच्या टूलमध्ये) प्रोसेसरचा आकडा वाढवावा लागतो का?
नाही, विंडोज १० सुरू होतानाच मिळतील तेवढे सगळे कोअर आपणहून वापरायला घेतं. एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ दिसतं ते कोअर वाढवायला नाही, कमी करायला आहे. कमी कोअरवर प्रोग्रॅम कसा चालतो हे तपासणाऱ्यांची ती सोय. मशीनला ८ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे प्रोसेसर; एका कोअरचे दोनही दिसू शकतात) असताना तिथे टिक करून ४ निवडलेत, तर उरलेले ४ नुसते बसून राहतील. ‘पीसी दुप्पट फास्ट करा’वाले व्हिडिओ नेमकी हीच टिक करायला लावतात! केली असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. खात्री करायची तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. आलेखाखाली तीन आकडे असतात: सॉकेट्स (बोर्डावर प्रोसेसर चिप बसते त्या जागा), कोअर्स, लॉजिकल प्रोसेसर्स. अडचण फक्त सॉकेटची येऊ शकते. बोर्डावर दोन वेगवेगळ्या प्रोसेसर चिप बसवल्या असतील (जुन्या सर्व्हर-वर्कस्टेशनमध्ये असतात तशा), तर होम आवृत्ती त्यातली एकच वापरते; दोन्ही हव्या असतील तर प्रो घ्यावी लागते.