अनोळखी माणसांच्या सांगण्यावरून सायकलप्रवास: विचारायचे कसे?

वीस दिवसांची रजा आहे, मार्ग आधी ठरवायचा नाही, रोज भेटेल त्या अनोळखी माणसाला विचारून तो सांगेल तिकडे सायकल न्यायची, असा आपला बेत आहे. आणि हे खरोखर निभते का, की दोन-तीन दिवसांत फसते, असे आपण विचारले आहे. या पद्धतीने मी आतापर्यंत चार प्रवास केले आहेत, त्यांतला सर्वांत लहान नऊ दिवसांचा आणि सर्वांत मोठा पाच आठवड्यांचा होता. निभते, हे आधीच सांगून टाकतो. पहिला प्रवास मात्र माझ्या मनासारखा झाला नाही, आणि त्याचा दोष मी वाटेत भेटलेल्या कोणालाही देणार नाही, कारण मलाच विचारता येत नव्हते.

त्या वेळी मी सरसकट "जवळपास पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारत असे. या प्रश्नाला माणसे बाहेरच्या पाहुण्याला शोभेल असे उत्तर देतात: धरण, धबधबा, किल्ला. परिणामी नऊपैकी सहा दिवस मी मोठ्या वाहनांच्या कडेने, कोणत्याही माहितीपत्रकात सापडली असती अशाच ठिकाणी जात राहिलो. दुसऱ्या प्रवासापासून मी प्रश्न बदलला आणि तेव्हापासून तोच विचारत आलो आहे: "इथून सायकलने एका दिवसात पोहोचता येईल आणि तुम्हाला स्वतःला पुन्हा जावेसे वाटते, अशी जागा कोणती?" हे विचारल्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. त्या वेळी घाईने दुसरा प्रश्न विचारू नये. त्या शांततेनंतर जे येते ते त्याचे स्वतःचे असते. कोणी आजोळचे गाव सांगतो, कोणी पोहायला शिकला ते नदीचे वळण, कोणी पहिली नोकरी केली ती शाळा. अशा जागी पोहोचल्यावर पाहण्यासारखे फार काही असेलच असे नाही, पण तिथे जाणारा रस्ता बहुधा माणसांच्या वापरातला आणि कमी वर्दळीचा असतो, आणि सायकलस्वाराचा दिवस तर रस्त्यावरच जातो.

दुसरी गोष्ट होकाराची. "हा रस्ता अमुक गावाला जातो ना?" असे विचारले, तर बहुतेक माणसे सौजन्याने हो म्हणतात. त्याऐवजी "अमुक गावाला जायचे असेल तर तुम्ही कोणत्या रस्त्याने जाल?" असे विचारावे आणि लगेच जोडून "तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?" हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न मी एकदा विचारला नाही. ज्यांनी मला ओढ्यापलीकडची वाट सांगितली ते गृहस्थ सहा वर्षांत तिकडे फिरकले नव्हते, आणि दरम्यान पूल वाहून गेला होता. ओढ्याला पाणी इतके होते की सामान उतरवून पलीकडे नेणेही शक्य नव्हते, म्हणून मला २२ किलोमीटर मागे यावे लागले. त्यांनी मला फसवले नव्हते, त्यांच्या डोळ्यांपुढे तो पूल उभाच होता.

माणूस अंतर कशाने कापतो, यावर त्याच्या सांगण्याचा अर्थ ठरतो. मोटारीने जाणारा "सरळ रस्ता आहे, थोडा चढ आहे" असे म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो, कारण इंजिनाला ३०० मीटरची चढण फारशी जाणवत नाही. आपल्या पायांचा हिशेब वेगळा आहे. स्वार ७० किलो, सायकल आणि सामान मिळून ३५ किलो, म्हणजे १०५ किलो वजन ३०० मीटर उचलायचे, तर सुमारे ३०९ किलोज्यूल ऊर्जा लागते; दिवसभर टिकेल अशा १०० वॅटच्या जोराने पेडल मारले, तरी नुसत्या चढाईला एक्कावन्न मिनिटे जातात, टायरचा आणि हवेचा विरोध त्याहून वेगळा. म्हणून शक्य असेल तेव्हा पायी किंवा सायकलने फिरणाऱ्यांना विचारावे: टपाल वाटणारे, गुरे राखणारे, शाळेत जाणारी मोठी मुले. तिसऱ्या प्रवासात एका म्हाताऱ्या गुराख्याने माझ्या वहीत पेन्सिलने रस्ता काढून दिला होता. नदीसाठी दोन रेघा, विहिरीसाठी एक गोल, आणि पुढे जिथे चढ होता तिथे त्याने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. अंतर किती, हे त्याला किलोमीटरमध्ये सांगता आले नाही. पण ज्या ठिकाणी कागद फाटला होता, नेमक्या त्याच ठिकाणी मला उतरून सायकल ढकलावी लागली, आणि विहीरही त्याने दाखवली होती तिथेच, वळणाच्या अलीकडे होती.

याचा अर्थ नकाशा घरी ठेवावा असा नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले, इंटरनेटशिवाय चालणारे नकाशे फोनमध्ये अवश्य असावेत, मात्र त्यांचे काम सांगितलेली वाट पडताळण्यापुरते ठेवावे. उंचीची आकृती पाहताना एक ध्यानात असू द्या. अशा पुष्कळ आकृत्यांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेली मोजणी असते, आणि रडारला वरचा पृष्ठभाग दिसतो. त्यामुळे बोगद्यातून जाणारा सपाट रस्ता डोंगरमाथ्यावरून गेल्यासारखा दिसू शकतो, आणि दाट झाडीतली उंची प्रत्यक्षाहून जास्त येते. असे काही खटकले की स्थानिक माणसाला विचारावे.

आता परतीचा विषय, कारण आपली रजा मोजकी आहे. प्रत्येक दिवशी दिशा अगदी यदृच्छेने ठरत असेल, तर सुटण्याच्या जागेपासून आपण किती लांब जातो, याचे गणित ठाऊक असलेले बरे: रोजच्या अंतराला दिवसांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचे. रोज ६० किलोमीटर धरले, तर वीस दिवसांत सायकल १२०० किलोमीटर चालेल, पण आपण मूळ जागेपासून साधारण २७० किलोमीटरवर असाल. प्रत्यक्षात माणसे आपल्याला आलो त्याच वाटेने परत क्वचितच पाठवतात, त्यामुळे मी दर वेळी या आकड्याच्या थोडा पुढेच गेलो आहे. म्हणून शेवटचे पाच दिवस राखून ठेवा, आणि त्या दिवसांत प्रश्नालाच दिशा द्या: "मला त्या बाजूला जायचे आहे, तर वाटेत कुठे थांबू?" सूचना लोकांचीच राहते आणि आपण घराकडे सरकत असता. रेल्वेने किंवा बसने सायकल नेता येते का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवले, तर यातले दोन दिवस सुटतात.

दोन सूचनांमधून निवडायची वेळ आली, तर मी वारा पाहतो आणि त्यात मला गैर वाटत नाही. ताशी १५ किलोमीटरने जात असताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला, तर हवेचा विरोध वारा नसतानाच्या पाचपटीहून अधिक होतो. असा दिवस माणसाला इतका थकवतो की संध्याकाळी कोणाशी बोलण्याचीही इच्छा राहत नाही, आणि हा प्रवास तर बोलण्यावरच चालायचा आहे.

सायकलबद्दल थोडक्यात. मार्ग ठाऊक नसल्यामुळे तयारी वाईटात वाईट रस्त्याची ठेवावी लागते. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद असावा आणि सर्वांत हलका गिअर असा असावा की सामानासह पायी चालण्याच्या वेगाने चढता येईल. दोन जादा ट्यूब, पंप, साखळीची जोडकडी आणि दीड दिवस पुरेल इतके खाणे सोबत ठेवावे.

काही निर्णय मात्र कोणाच्याही हाती देऊ नयेत. रात्री कुठे थांबायचे, हे मी रस्त्यात भेटलेल्या माणसाला सांगत नाही. गावात पोहोचल्यावर, उजेड असताना, चारचौघांत विचारतो. घरी एका व्यक्तीला रोज संध्याकाळी ठिकाण कळवतो. सीमेलगतच्या किंवा संरक्षित वनातल्या वाटेसाठी कोणाचे सांगणे म्हणजे परवानगी नव्हे. आणि सांगणारा माणूस कितीही आग्रही असला, तरी मन कचरत असेल तर आभार मानून दुसऱ्या कोणाला विचारावे. आपण एकटे जाणार असाल, विशेषतः एकटी स्त्री म्हणून, तर हा नकार आधीपासूनच नियमात धरावा, म्हणजे ऐन वेळी नियम मोडल्याची बोच लागत नाही.

मार्ग दुसऱ्यांनी ठरवण्यात कमीपणा नाही. उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा थॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. पुढे अफगाणिस्तानात त्याला अडवून मागे पाठवले गेले, तेव्हा समुद्रमार्गाने वळसा घेऊन तो हिंदुस्थानात उतरला आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोहोचला. त्याला नकारामुळे वळावे लागले, आपण निमंत्रणामुळे वळणार आहात.

शेवटी एक विनंती. प्रत्येक सूचना वहीत तारखेसह, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवा, आणि तो तयार असेल तर त्याचा पत्ताही घ्या. तिथे पोहोचल्यावर एक ओळ किंवा एक छायाचित्र पाठवा. पोहण्याचे वळण ज्यांनी मला सांगितले होते, त्या बाईंना मी ते पाठवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले की काठावरचा मोठा खडक अजून तिथेच आहे का, हे छायाचित्रात दिसत नाही. खडक होता, मी त्यावर बसूनच ते छायाचित्र काढले होते, आणि तसे मी त्यांना त्याच दिवशी कळवले.