येशूला फाशी दिली नव्हती

एका वाचकाने विचारलं आहे: इंग्रजी उताऱ्यात येशूच्या प्रेषितांपैकी पौलाबद्दल ‘एक्झिक्यूटेड’ आणि पेत्राबद्दल ‘क्रुसिफाइड’ असं आलंय. मराठीत दोन्हीकडे ‘फाशी दिली’ लिहिलं तर चालेल का? नसेल, तर दोन शब्दांत नेमका फरक काय?

नाही चालणार. परंपरेनुसार पौलाचं डोकं तलवारीने उडवलं आणि पेत्राला उलटं टांगून क्रुसावर खिळलं. दोघांच्याही गळ्यात फास पडला नाही. तरी ‘येशूला फाशी दिली’ हे वाक्य दर गुड फ्रायडेला कानावर येतंच, आणि ‘गोळ्या घालून फाशी’ असलंही लोक बिनदिक्कत लिहितात. फाशी म्हणजे गळफास. दोर नाही तिथे फाशी नाही. पौलाला देहदंड दिला, पेत्राला क्रुसावर चढवलं, असं लिहा.

एक्झिक्यूशन म्हणजे देहदंड आणि क्रुसिफिक्शन हा त्याचा एक प्रकार, एवढं कुठलाही कोश सांगेल. पण एक्झिक्यूशन या शब्दात मुळात मरण नाहीच, हे फार थोडे सांगतात. लॅटिन ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे आणि ‘एक्स’ म्हणजे शेवटपर्यंत. हुकुमाच्या मागोमाग जाऊन तो तडीस नेणं म्हणजे एक्झिक्यूशन. आधी शिक्षा एक्झिक्यूट होत असे, पुढे शिक्षा झालेला माणूसच एक्झिक्यूट होऊ लागला. आपल्या दिवाणी कोर्टात हा मूळ अर्थ आजही जिवंत आहे: हुकूमनाम्याची बजावणी. तिच्यात कुणी मरत नाही, फार तर जप्ती किंवा दिवाणी कैद येते. आणि ‘बजावणे’ फारसी ‘बजा’वरून आलेलं, म्हणजे ‘जागेवर’. हुकूम जागेवर पोचवला की तो बजावला. समन्स बजावतात, हक्क बजावतात, कामगिरी बजावतात. एक्झिक्यूटला इतका चपखल बसणारा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही. ‘निष्पादन’ हा कार्यालयीन शब्द घडवणाऱ्यांनी बजावणीकडे का पाहिलं नाही, हे मला आजवर पटलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिन ‘क्व’ च्या जागी संस्कृतात कित्येकदा ‘च’ सापडतो. चार म्हणजे लॅटिनमध्ये ‘क्वात्तुओर’, संस्कृतात ‘चत्वारः’. ‘आणि’साठी तिकडे ‘क्वे’, इकडे ‘च’. त्याच हिशेबाने लॅटिन ‘सेक्वितुर’, तो मागोमाग जातो, याचं संस्कृत रूप ‘सचते’, अर्थही तोच. या ‘सच्’ धातूपासून झाला सचिव, म्हणजे राजाच्या सोबत असणारा, त्याच्या मागोमाग चालणारा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी ‘सुरनीस’ जाऊन ‘सचिव’ आला आणि अण्णाजी दत्तो त्या पदावर होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एक्झिक्यूशन आणि सचिव एकाच धातूची पोरं आहेत, हे सांगितलं की लोक अविश्वासाने बघतात. मागून येतो तो सेकंद, तोही याच घरातला. ‘सखा’ही इथलाच असं पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि मीही मानतो.

म्हणजे एक्झिक्यूशनचा जीव हुकुमात आहे. निवाडा कुणी केला, हुकूम कुणाचा, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. म्हणून एखाद्या टोळीने ओलिसाला मारलं की ‘देहदंड दिला’ लिहिणं चूक. दंड द्यायला अधिकार लागतो. टोळीने त्याला ठार मारलं, बस.

क्रुसिफिक्शनचं नेमकं उलट. ‘क्रुक्स’ म्हणजे क्रूस आणि ‘फिगेरे’ म्हणजे घट्ट बसवणे. शब्दात फक्त कृती आहे, त्या माणसाचं पुढे काय झालं हे त्यात नाही. क्रुसावर चढवलेला माणूस जगूही शकत होता. इतिहासकार जोसेफसने जेरुसलेम रोमनांच्या हाती पडल्यानंतर आपल्या ओळखीच्या तिघांना क्रुसावर पाहिलं आणि रोमन सेनापती टायटसच्या विनवण्या करून त्यांना खाली उतरवलं. उपचार करूनही दोघे गेले, तिसरा वाचला. त्या तिसऱ्याचं क्रुसिफिक्शन झालं, एक्झिक्यूशन झालं नाही. उलट समोस या ग्रीक बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रेटीज आधी मारला गेला आणि मग त्याचं प्रेत खांबावर टांगलं गेलं. येशू इतक्या लवकर कसा मेला याचं रोमन सुभेदार पिलाताला आश्चर्य वाटलं असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे, ते यामुळेच. क्रुसावर मरण यायला कधी कधी दिवस लागत.

म्हणूनच मराठी बायबलातल्या ‘वधस्तंभ’ या शब्दाशी माझं भांडण आहे. ग्रीक ‘स्टाउरॉस’ म्हणजे मुळात उभा खांब, तेव्हा ‘स्तंभ’ ठीक. पण ‘वध’ अनुवादकांनी पदरचा घातला. ज्या खांबाला बांधून गोळ्या घालतात तोही वधस्तंभच की! आणि गळ्यात घालतात त्याला कुणी वधस्तंभ म्हणत नाही, क्रूसच म्हणतात. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द बटाटा-पगाराइतकाच आपला झालाय, तो सोडून समास कशाला करायचा?

‘सुळावर चढवलं’ म्हणणाऱ्यांना मात्र मी इतरांसारखा झोडपणार नाही. शुद्धिवादी सांगतात की सूळ शरीरात घुसतो आणि क्रूस घुसत नाही, म्हणून दोघांचा संबंध नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका जागी नाना तऱ्हेचे क्रूस पाहिल्याचं लिहिलंय आणि त्यात शरीरातून खांब आरपार घालण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे रोमनांच्या लेखी तोही क्रुक्सच. मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला चारुदत्त वधस्थानाकडे निघतो तेव्हा गळ्यात कण्हेरीची माळ आणि खांद्यावर स्वतःचाच शूल. क्रूस खांद्यावर घेऊन चाललेला येशू तिथे आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारतातला मांडव्य ऋषी तर सुळावर चढूनही मेला नाही. सुळाचं टोक, म्हणजे अणी, शरीरात तसंच राहिलं म्हणून तो अणीमांडव्य झाला. आजच्या मराठी वाचकाला ‘सूळ’ म्हटलं की आरपार गेलेली सळईच दिसते, म्हणून येशूसाठी मी तो वापरणार नाही. पण वापरणाऱ्याला अडाणी ठरवू नका.

‘खिळणे’ जपून वापरा. रोमन लोक कधी दोरीने बांधूनही चढवत. खिळ्यांचा पुरावा असेल तिथेच खिळा. असा पुरावा जेरुसलेममध्ये 1968 साली सापडला: अस्थिपेटीवर येहोहानन हे नाव, आत टाचेचं हाड, त्यातून गेलेला सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा, टोक वाकलेला. टोक वाकलं म्हणून तो उपटता आला नसावा आणि हाडाबरोबर तसाच राहिला असावा.

आणि हा खिळा आला संस्कृत ‘कील’वरून. क चा ख झाला, जसा पनसाचा फणस झाला, परशूची फरशी झाली आणि पाशाचा फास झाला. फाशी आणि खिळणे, दोन्ही शब्दांत तोच एक हकार, म्हणजे ‘ह’चा उच्चार, येऊन बसलाय.