श्रीलंकेत एप्रिलमध्ये सायकल: पुण्याच्या उन्हावर जाऊ नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. नवराबायको दोघं, पन्नाशीच्या आसपास, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ दिवस श्रीलंका. रोज ८०-९० किलोमीटर सायकल आणि दुपारी स्थळदर्शन. पुढे तुम्ही लिहिलंय, "दर रविवारी सिंहगड करतो, पुण्याचं ४० अंशांचं ऊन अंगवळणी पडलंय, तिथे तर ३३-३४च असतं." २०१८च्या एप्रिलमध्ये निघताना मी आईला फोनवर अगदी हेच सांगितलं होतं.

हेल्मेट, पंक्चर, व्हिसाऐवजीचं ते ऑनलाइन ईटीए, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगते. माझ्यावर जे गुदरलं आणि नंतर डॉक्टरांनी जे समजावलं, तेवढंच लिहिते.

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. घाम येतो तसाच उडून जातो. कात्रज चढून वर थांबलं की अंग जवळजवळ कोरडं असतं, फक्त काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपण चाळिशीतही टिकतो. सायकल चालवताना आपण जेवढी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम पाव भाग पेडलला मिळतो. बाकी सगळी उष्णताच होते आणि ती बाहेर टाकायला घामाचं उडणं हाच मुख्य मार्ग असतो.

बेटावर हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडायला जागा नसते. कोपरावरून, हनुवटीवरून नुसता टपटप गळतो. गळलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. शरीर अजून गरम म्हणून आणखी घाम, तोही गळतो. आपला पुण्याचा सराव इथे उलटा अंगावर येतो. आपल्याला वाटतं आपण तयार आहोत, त्यामुळे आपण वेग कमी करत नाही.

आता माझी चूक. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, माझी एक मैत्रीण आणि भाचा. कार्यक्रम पुण्यातल्याच एका सहल आखून देणाऱ्यांकडून घेतला होता. नाव लिहीत नाही. त्यात रोज 'सकाळी ८ वाजता हॉटेलमध्ये नाश्ता, ९ वाजता प्रस्थान' असं छापलेलं होतं. बसने फिरणाऱ्या लोकांचा आराखडा घेऊन त्यात किलोमीटर भरले होते, हे आता कळतं. नाश्त्याचे पैसे भरलेत तर खाऊनच निघू, असं आम्हीही म्हणालो. परत आल्यावर तक्रार केली तर उत्तर मिळालं, "कार्यक्रम तुम्हीच मंजूर केला होता." खरंच केला होता. पण पैसे घेऊन उन्हाळी बेटावर माणसं पाठवणाऱ्याला सूर्य किती वाजता डोक्यावर येतो एवढं माहीत असायला हवं, हे माझं आजही ठाम मत आहे.

११ एप्रिलला आम्ही अनुराधपुराहून सिगिरियाकडे (उंच खडकावरचा जुना किल्ला) निघालो. मधे कलावेवा हा धातुसेन राजाने पाचव्या शतकात बांधलेला प्रचंड तलाव. तिथून अनुराधपुरापर्यंत योद एला नावाचा जुना कालवा येतो, लांबी ८७ किलोमीटर. पहिल्या टप्प्यात त्याचा उतार मैलाला फक्त सहा इंच आहे. दीड हजार वर्षांपूर्वी हे साधलं कसं असेल या विचाराने मी भारावून गेले होते आणि कालव्याच्या कडेकडेने जायचा हट्ट माझाच होता. सकाळी सहाला निघालो असतो तर आयुष्यातली सगळ्यात सुंदर राइड झाली असती. निघालो नऊ वाजून दहा मिनिटांनी.

कलावेवाच्या बांधावर पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. सायकलची सावली चाकांच्या बरोबर खाली गोळा झाली होती, बाजूला पडतच नव्हती. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो, तिथे तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. म्हणजे तुमच्याच तारखांना.

तोवर मी सात लिटरच्या आसपास पाणी प्यायले होते. 'उन्हात पाणी कमी पडू द्यायचं नाही' हा मंत्र. वाटेत तीन थंबिली, म्हणजे तिकडची केशरी शहाळी. सगळं साधं पाणी, इलेक्ट्रॉलची पाकिटं पॅनिअरच्या (सायकलला लटकवायची पिशवी) तळाशी तशीच. सकाळपासून मिठाचं म्हणावं तर दोन ब्रेडचे तुकडे.

आधी घड्याळाचा पट्टा टोचायला लागला. एक भोक मागे घेतला. मग अंगठी फिरेना. बोटं मोदकासारखी फुगली होती, अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. डोकं ठणकत होतं. मला वाटलं पाणी कमी पडलंय, म्हणून आणखी एक बाटली रिचवली. हीच ती चूक, बाकी सगळ्यांपेक्षा महागात पडलेली.

केकिरावाच्या अलीकडे एका छोट्या दुकानाच्या बाकावर बसले आणि उलटी झाली. पाण्याचीच. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, लिंबू कापून पेल्यात पिळलं, चमचाभर मीठ टाकलं आणि पेला हातात दिला. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण त्यांना जे कळलं ते आमच्या चौघांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. मला तेही पोटात ठेवता आलं नाही. आमची मंडळी प्रेमापोटी "मावशी, पाणी पी, थोडं तरी पी" करत राहिली. भाचा सांगतो की मी त्याला तीनदा विचारलं, "आपण ताम्हिणी उतरलो का?" ताम्हिणी म्हणजे आपला पुण्याजवळचा घाट, आणि आम्ही लंकेत. ते ऐकल्यावर नवऱ्याने तीनचाकी थांबवली.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, किती बाटल्या आणि त्यात काय होतं? रक्तातलं सोडियम १२६ आलं. साधारण १३५ ते १४५ हवं. म्हणजे इतक्या साध्या पाण्याने रक्तातलं मीठच पातळ झालं होतं. दुसरा प्रश्न, रक्तदाबाची कुठली गोळी? माझी गोळी लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियमही बाहेर टाकणाऱ्या जातीची होती. तुम्ही लिहिलंय ना, "बायकोला बीपीची गोळी चालू आहे, पण नियंत्रणात आहे"? त्या गोळीचं नाव घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि "रोज चार-पाच तास दमट हवेत सायकल चालवणार आहोत" असं स्पष्ट सांगून विचारा. मी 'फिरायला चाललेय' एवढंच म्हणाले होते. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. लांब राइडला आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घ्यायची सवय असेल तर तीही सांगा.

दोन दिवस सलाइनवर काढले. १३ तारखेला सोडलं तेव्हा बाहेर सिंहली-तमिळ नववर्ष. दुकानं बंद, खानावळी बंद, बसला लोंढे. नवऱ्याला माझ्यासाठी मऊ भात मिळवायला अर्धा दिवस लागला. तुमच्या तारखांतही १३ आणि १४ एप्रिल येतात. ते दोन दिवस एकाच ठिकाणी मुक्काम ठेवा आणि जेवणाचं यजमानांशी आधीच बोलून ठेवा. सिगिरिया मी खालूनच पाहिलं.

तर आता तुमच्यासाठी. दिवसाला ८०-९० विसरा. ५०-५५ धरा आणि साडेदहाला सायकल भिंतीला टेकवलेली असू द्या. नाश्ता बांधून मागा, लॉजवाले आनंदाने देतात. एप्रिलमध्ये दुपारी ढग भरून विजाही होतात, तलावाच्या बांधावर तेव्हा आपण नसलेलंच बरं. पहिले दोन दिवस नेगोंबोच्या आसपास २५-३० किलोमीटरच करा. विमानतळ तिथून जवळ आहे आणि शरीराला हवेची ओळख होते. पूर्ण सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे तुमच्याकडे नाहीत, म्हणून सराव इथूनच करून जा.

तो सराव सिंहगडावर होणार नाही. मार्चअखेरीस एक शनिवार-रविवार काढा, ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगरला जा आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने चालवा. कोकणातला तो उकाडा लंकेच्या सगळ्यात जवळचा. निघण्याआधी आणि आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजनातली घट आणि प्यायलेलं पाणी यांची बेरीज म्हणजे तुमचा घाम, ढोबळ हिशेब. माझा पुण्यात तासाला ६०० मिली येतो, दिवेआगरला १.१ लिटर आला. आकडा प्रत्येकाचा वेगळा, माझा वापरू नका. वजन घटण्याऐवजी वाढलं असेल तर घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलंय. एवढं एक मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

ओआरएसची पाकिटं पुण्यातूनच न्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची, लिटरला एक. चवीची एनर्जी ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नव्हे. दोन बाटल्यांपैकी एकीत कायम ओआरएस, दुसरीत साधं. तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून ढोसू नका. थंबिली जरूर प्या, अमृत आहे, पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावाला असतं. मिठाची भरपाई त्याने होत नाही. दुपारच्या जेवणात भात-करी आणि पोळ सांबोळ (ओल्या नारळाची तिखट चटणी) हात आखडता न घेता खा. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी हे आधी विचारून करावं.

डोकेदुखी, मळमळ, फुगलेली बोटं आणि पोटात भरपूर पाणी, असं एकत्र दिसलं तर आणखी साधं पाणी देऊ नका, दवाखाना गाठा आणि किती प्यायलं ते सांगा. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात समजा. जागच्या जागी सावलीत भरपूर पाणी ओतून, वारा घालून थंड करायला लागा, गाडी येईपर्यंत थांबू नका. दोन्हींतला फरक रस्त्यावर ओळखणं डॉक्टरांनाही सोपं नसतं असं मला सांगितलं गेलं, म्हणून शंका आली की रुग्णालयच.

पहाटे निघायचं म्हणताना एक अपवाद. हबरणा-मिन्नेरिया भागात रानटी हत्ती रस्त्यावर येतात, संध्याकाळी आणि पहाटे जास्त. तेवढ्या टप्प्यात लख्ख उजाडल्यावरच निघा आणि हत्ती दिसला तर लांबच थांबून एखाद्या बसच्या मागे राहा. तिकडच्या खासगी बसेस मात्र अंगावर येतात, आरशाशिवाय जाऊ नका.

देवळांत टोपी आणि चपला काढाव्या लागतात आणि अनुराधपुराच्या रुवन्वेलीसाय स्तूपाचं फरसबंदी अंगण दुपारी तव्यासारखं असतं. पांढरे मोजे खिशात ठेवा. गुडघे-खांदे झाकणारं काहीतरी सायकलच्या कपड्यांवर चढवायला हवं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, लोक दुखावतात. सिगिरियाच्या तिकिटाला सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. दार उघडताच चढायला लागा, पायऱ्या बाराशेच्या घरात आहेत.

आणि प्रवास विमा घेताना 'साहसी क्रीडा' या कलमात सायकल येते का, ते ईमेलवर लेखी विचारून घ्या. माझ्या वेळी एका कंपनीने पाच महिने हाच वाद घातला. सायकल चालवत सुट्टी घालवणं हे साहस की प्रवास, यावर एकवीस ईमेल. शेवटी निम्मे पैसे मिळाले. फोनवर "हो मॅडम, सगळं कव्हर होतं" म्हणणाऱ्याचा शब्द कुठे नोंदलेला नसतो.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची हे तुम्ही विचारलंच आहे. नऊ दिवसांसाठी मी भाड्याने घेईन, फक्त आपलं सीट आणि पेडल घेऊन जाईन. हे मत माझं, आमच्याच ग्रुपमधले अर्धे लोक याच्या विरुद्ध सांगतील.

दिवेआगरहून आलात की दोघांच्या वजनाचे आणि पाण्याचे आकडे इथेच टाका. वहिनींच्या गोळीबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा. मग रोजचे टप्पे आपण बसून नीट लावू, माझ्याकडे तिथला नकाशा खुणा केलेला अजून आहे.